जुन्या हार्ड डिस्कवरचा डेटा: आधी प्रत काढा, बाकी सगळं नंतर

जुनी हार्ड डिस्क हाती आली की नवखा माणूस आधी ती जोडून ‘चालते का’ ते बघतो. चालली तर फोल्डर उघडून जुन्या फाइली चाळतो, मग एखादं तपासणीचं सॉफ्टवेअर लावतो, आणि सगळं ठीक दिसलं तर कॉपी करायचं काम सवडीवर ढकलतो. हा क्रम उलटा आहे. वीस-तीस वर्षं पडून असलेली डिस्क किती वेळ फिरेल हे कुणालाच सांगता येत नाही, आणि तिचे पहिले काही तासच बहुधा सगळ्यात चांगले असतात. ते चाळण्यात घालवू नका. पहिल्या सेक्टरपासून (सेक्टर म्हणजे डिस्कवर डेटा साठवायचा छोटा, ठरावीक आकाराचा तुकडा) शेवटच्या सेक्टरपर्यंत एकदा वाचून प्रत काढली की डिस्कची कसून तपासणीही त्यातच होते, त्यामुळे वेगळी तपासणी करायची गरजच उरत नाही.

हा लेख साधारण १९८० ते २००० या काळातल्या, एमएफएम, आयडीई आणि स्कझी जोडणीच्या डिस्कसाठी आहे. एक गोष्ट आधीच सांगतो. डिस्कवर दुसरीकडे कुठेच नसलेला आणि गमावून चालणारच नाही असा डेटा असेल, आणि डिस्क खटखट वाजत असेल, तर हा लेख बाजूला ठेवा आणि डेटा रिकव्हरीचं काम करणाऱ्या व्यावसायिक प्रयोगशाळेकडे जा. घरी केलेला प्रत्येक प्रयत्न त्यांचं काम अवघड करून ठेवतो.

काय काय जमवून ठेवायचं

- लिनक्स चालणारा संगणक. बोर्डावरच आयडीई पोर्ट असलेला जुना डेस्कटॉप मिळाला तर उत्तम.
- आयडीई ते यूएसबी अडॅप्टर, स्वतःच्या वेगळ्या पॉवर अडॅप्टरसह. साडेतीन इंची डिस्कला १२ व्होल्ट लागतात, ते यूएसबीतून मिळत नाहीत.
- लॅपटॉपच्या अडीच इंची डिस्कसाठी ४४ पिनांचा जोड.
- मल्टिमीटर, बारीक चिमटा, चार-दोन सुटे जंपर (दोन पिना जोडून डिस्कची सेटिंग ठरवणारी छोटी टोपणं).
- डिस्कच्या क्षमतेच्या दुपटीहून जास्त रिकामी जागा.
- खराब डिस्कची प्रत काढणारं जीएनयू डीडीरेस्क्यू आणि त्याचा नकाशा, म्हणजे कोणता भाग वाचला आणि कोणता राहिला याची नोंद, दाखवणारं डीडीरेस्क्यूव्ह्यू. दोन्ही मोफत आहेत.
- वही-पेन आणि मोबाइलचा कॅमेरा.

१. आधी डिस्क ओळखा आणि फोटो काढा

काहीही हलवण्याआधी डिस्कचे सगळ्या बाजूंनी फोटो काढा. लेबल, जंपरची जागा, केबल कोणत्या दिशेने लावली होती, सगळं फोटोत आलं पाहिजे. डिस्क अजून जुन्या संगणकातच असेल तर बायोसच्या (संगणक सुरू होताना आधी चालणाऱ्या प्रोग्रामच्या) सेटिंगमधले सिलिंडर, हेड आणि सेक्टरचे आकडेही उतरवून घ्या; डिस्कची रचना आणि क्षमता त्यांवरून कळते. मदरबोर्डवरची बॅटरी संपली असेल तर हे आकडे आधीच पुसले गेले असतील. तेव्हा लेबलवर छापलेले आकडे कामी येतात.

जोडणी ओळखणं सोपं आहे. मागे ४० पिनांची एकच दुहेरी रांग असेल तर ती आयडीई. ५० पिना असतील तर स्कझी. नंतरच्या स्कझी डिस्कवर ६८ किंवा ८० पिनांचे कनेक्टरही दिसतात. पिनांऐवजी सर्किट बोर्डाच्याच कडेला दोन पट्ट्या असतील, एक ३४ संपर्कांची आणि एक २० संपर्कांची, तर ती एमएफएम किंवा त्याच जोडणीवर डेटा जास्त दाटीने लिहिणारी आरएलएल. सीगेटच्या १९८० सालच्या ५ एमबीच्या एसटी-५०६ वरून ही जोडणी रूढ झाली. इथे एक सापळा आहे. ईएसडीआय नावाच्या दुसऱ्या पद्धतीच्या डिस्कलाही अगदी अशाच दोन केबल लागतात. केबल बसली म्हणजे जोडणी जुळली असं समजू नका. मॉडेल क्रमांक शोधून खात्री करा.

२. वीज देण्याआधीची तपासणी

डिस्क थंड किंवा दमट जागेतून आली असेल तर निदान एक दिवस खोलीच्या तापमानाला राहू द्या. आत दव धरलेलं असताना ती फिरवणं घातक आहे. बिघडलेली डिस्क फ्रीजरमध्ये ठेवण्याचा सल्ला अजूनही कुणी ना कुणी देतंच. तो याच कारणासाठी टाळा.

झाकण उघडायचं नाही. वाचणारं हेड तबकडीच्या पृष्ठभागापासून केसाच्या जाडीहून कितीतरी कमी अंतरावर तरंगत असतं, तिथे धुळीचा कणही धोंड्यासारखा असतो. झाकणावर एक बारीक श्वासछिद्र असतं. त्यावर चिकटपट्टी किंवा नवं लेबल लावू नका.

आता मल्टिमीटर घ्या. डिस्कच्या चार पिनी पॉवर सॉकेटमध्ये मधल्या दोन पिना ग्राउंडच्या असतात, एका टोकाला १२ व्होल्ट (पिवळी वायर) आणि दुसऱ्या टोकाला ५ व्होल्ट (लाल वायर). वीज न जोडता, १२ व्होल्टची पिन आणि ग्राउंड यांच्यातला रोध मोजा, मग ५ व्होल्टचा. शून्याच्या आसपास आकडा आला तर बोर्डावर काहीतरी शॉर्ट झालंय, आणि जुन्या बोर्डांवर ते बहुतेक वेळा थेंबाच्या आकाराचं टँटलम कपॅसिटर असतं. अशी डिस्क जोडली तर ते फुटतं, धूर निघतो. हे कपॅसिटर बदलणं अवघड नाही, पण सोल्डरिंगचा हात नसेल तर जाणकाराकडून करून घ्या.

पॉवर सप्लाय जुन्या संगणकातलाच वापरायचा मोह आवरा. तोही तितकाच म्हातारा आहे. माहितीतला, चांगला सप्लाय घ्या आणि डिस्क जोडण्याआधी त्याचे व्होल्ट मोजा. चार पिनी प्लगचे दोन कोपरे कापलेले असतात ते दिशा कळावी म्हणूनच. पण प्लास्टिक सैल झालं असेल तर जोर लावून प्लग उलटाही घुसतो, आणि मग ५ व्होल्टच्या वाटेने १२ व्होल्ट जातात. ती डिस्क गेलीच म्हणून समजा.

३. योग्य जोडणी

*आयडीई:* रिबन केबलची लाल कड पहिल्या पिनेकडे, म्हणजे बहुतेक डिस्कवर पॉवर सॉकेटच्या बाजूला. केबलवर एकटीच डिस्क ठेवा आणि जंपर मास्टरवर (केबलवरची मुख्य डिस्क; दुसरी असेल ती स्लेव्ह) लावा. काही डिस्कवर ‘एकटी’ आणि ‘स्लेव्हसह मास्टर’ अशा दोन वेगळ्या जागा असतात. लेबलवरचा तक्ता बघा.

सगळ्यात जास्त लोक इथे अडकतात. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीच्या बऱ्याच डिस्कना एलबीए, म्हणजे सेक्टरना सरळ क्रमांकाने हाक मारण्याची पद्धत, येतच नाही. त्यांना सिलिंडर-हेड-सेक्टर असा पत्ता लागतो. बहुतेक यूएसबी अडॅप्टर फक्त एलबीए बोलतात. मग डिस्क व्यवस्थित फिरते, पण संगणकाला दिसत नाही, किंवा भलतीच क्षमता दाखवते, आणि माणूस ‘मेली’ म्हणून ती टाकून देतो. क्षमता काहीशे एमबी किंवा त्याहून कमी असेल आणि यूएसबीवर काही दिसत नसेल, तर निकाल लावायच्या आधी बोर्डावरच्या खऱ्या आयडीई पोर्टवर लावून बघा. मला विचाराल तर जुन्या डिस्कसाठी खरा पोर्टच बरा. खराब सेक्टर आला की बरेच यूएसबी अडॅप्टर गोठतात.

*स्कझी:* साखळीतल्या प्रत्येक उपकरणाला वेगळा क्रमांक हवा आणि साखळीच्या दोन्ही टोकांना टर्मिनेशन (सिग्नल टोकावरून परत उसळू नये म्हणून लावलेले रोध) हवं. डिस्क अधूनमधून दिसते-जाते असं होत असेल तर दहातल्या नऊ वेळा टर्मिनेशनचाच घोळ असतो. स्कझी कार्ड नसेल तर ब्लूस्कझीची दुसरी आवृत्ती किंवा झुलूस्कझी ही छोटी बोर्डं बघा. ती मुळात जुन्या डिस्कची जागा घेण्यासाठी बनवली आहेत, पण त्यांच्या काही मॉडेलांत ‘इनिशिएटर’ पद्धत असते. त्यात जुनी डिस्क सरळ बोर्डाला जोडायची आणि तिची इमेज (सगळ्या डिस्कची एका फाइलमधली प्रत) एसडी कार्डवर उतरवून घ्यायची.

*एमएफएम आणि आरएलएल:* इथे डिस्क आणि कंट्रोलर कार्ड ही जोडी असते. एका कंट्रोलरने फॉरमॅट केलेली डिस्क दुसऱ्या बनावटीच्या कार्डाला वाचता येईलच असं नाही. म्हणून डिस्कबरोबर मूळ कार्डही जपून ठेवा, ते ‘निरुपयोगी’ म्हणून फेकू नका. मूळ संगणक चालत असेल तर त्यातच एक्सटी-आयडीई कार्ड (जुन्या पीसीला आयडीई जोडणी देणारं) बसवून फाइली कॉम्पॅक्ट फ्लॅश कार्डवर उतरवता येतात. याहून चांगला मार्ग म्हणजे बीगलबोन या छोट्या एकबोर्डी संगणकावर चालणारा एमएफएम रीडर. तो तबकडीवरचे चुंबकीय बदल जसेच्या तसे टिपतो आणि वेगवेगळ्या कंट्रोलरांच्या पद्धती नंतर सॉफ्टवेअरमध्ये उलगडतो.

या डिस्कपैकी स्टेपर मोटरवर (हेड ठरावीक पायऱ्यांनी सरकवणारी मोटर) चालणाऱ्या डिस्कची, उदाहरणार्थ एसटी-२२५ ची, आणखी एक खोड आहे. तापमान बदललं की हेडची जागा ट्रॅकपासून किंचित सरकते. संगणक तापलेला असताना लिहिलेले ट्रॅक गार डिस्कवर नीट वाचले जात नाहीत. त्यामुळे या एकाच प्रकारात वाचण्याआधी पंधरा-वीस मिनिटं नुसतं फिरू द्यावं. डिस्क पूर्वी आडवी बसवली होती की उभी, तेही बघा आणि तशीच ठेवा. काम झाल्यावर हेड पार्क करायला, म्हणजे सुरक्षित जागी नेऊन ठेवायला, विसरू नका. या डिस्क ते आपोआप करत नाहीत.

४. संगणकाला डिस्कवर लिहू देऊ नका

विंडोज आणि मॅक दोघंही नवी डिस्क दिसली की आगाऊपणा करतात. ‘फॉरमॅट करायची का’, ‘इनिशियलाइज करायची का’ असं विचारतात आणि चुकून होकार दिला की संपलं. न विचारताही विंडोज आपले छुपे फोल्डर लिहून ठेवतं. पैसे खर्च करायची तयारी असेल तर हार्डवेअर राइट ब्लॉकर (डिस्कवर लिहिणं रोखणारं उपकरण) घ्या. नाहीतर लिनक्समध्ये डिस्क आपोआप माउंट होणं, म्हणजे वापरासाठी उघडली जाणं, बंद करा आणि डिस्क सिस्टिमच्या पातळीवर फक्त-वाचन अशी करून ठेवा. संगणकाची झोपी जाण्याची सोयही बंद करा.

जुन्या डिस्कवरून संगणक सुरू करून ‘जुना डेस्कटॉप बघू या’ हा मोह तर सगळ्यात वाईट. विंडोज ९५ सुरू होताच स्वॅप फाइल (मेमरीला जोड म्हणून वापरायची फाइल) लिहायला लागतं, आणि ज्या पुसलेल्या फाइली परत मिळाल्या असत्या त्यांच्यावरच लिहितं. शिवाय त्या काळचे बूट सेक्टर व्हायरस अजून तिथे झोपलेले असू शकतात. १९९१ साली सापडलेला मायकेलअँजेलो व्हायरस ६ मार्चला संगणक सुरू केला की डिस्कच्या सुरुवातीचे सेक्टर पुसून टाकतो. त्याला फक्त तारीख बघायची असते, साल कोणतंही असो.

५. पहिल्यांदा फिरवताना कान द्या

आयडीई किंवा स्कझी केबल चालू संगणकात लावायची-काढायची नाही. सगळं जोडा, मग वीज द्या. निरोगी डिस्क हळूहळू वेग घेते, मग हेडचे दोन-चार ‘टिक्-टर्र’ आवाज येतात आणि ती एका सुरात फिरत राहते.

- धातू घासल्यासारखा आवाज आला तर त्या क्षणी वीज बंद करा. हेड तबकडी खरवडत आहे.
- ठरावीक लयीत खट्-खट् येत राहिलं तर हेडला ट्रॅक सापडत नाहीत. बंद करा आणि डेटाचं मोल किती, याचा विचार करा.
- तीक्ष्ण किंचाळल्यासारखा आवाज आला तर घाबरू नका. बऱ्याच जुन्या डिस्कच्या बोर्डाच्या बाजूला, मधोमध, तांब्याची एक बारीक पट्टी मोटरच्या दांड्यावर टेकलेली असते आणि तिच्या टोकाला कार्बनचा मणी असतो. स्थिर वीज वाहून नेणं एवढंच तिचं काम. तो मणी झिजला की पट्टी किंचाळते. डेटाला त्यापासून धोका नसतो.
- काहीच हालचाल नाही, फक्त मंद गुणगुण आली तर हेड तबकडीला चिकटलेलं असण्याची शक्यता आहे. हाच शेवटचा उपाय उरला असेल तर डिस्क सपाट धरून, तबकडी ज्या पातळीत फिरते त्याच पातळीत, मनगटाने एक झटकन पीळ द्या. आपटायची नाही, ठोकायची नाही. आणि ती एकदा फिरली की इमेज पूर्ण होईपर्यंत बंद करायची नाही.

क्वांटमच्या प्रोड्राइव्ह मालिकेतल्या डिस्क फिरतात पण हेड जागचं हलत नाही, असं अनेकदा दिसतं. आतला रबरी थांबा वितळून गुळासारखा चिकट झालेला असतो. तो साफ करायचा तर झाकण उघडावं लागतं. तेव्हा तुम्हीच करायचं की प्रयोगशाळेकडे न्यायचं, हे डेटाच्या किमतीवर ठरवा.

६. इमेज काढा

इमेज म्हणजे डिस्कवरचा प्रत्येक सेक्टर क्रमाने उतरवलेली एकच मोठी फाइल. साधी ‘डीडी’ आज्ञा वापरू नका; पहिल्या चुकीला ती थांबते, आणि चुका ओलांडायला सांगून रिकाम्या जागा भरायला सांगितलं नाही तर पुढचा सगळा डेटा मागे सरकतो. डीडीरेस्क्यू याच कामासाठी आहे.

आधी डिस्कची यादी काढून मॉडेल आणि क्षमता ताडून बघा. मग आज्ञेत पहिलं नाव जुन्या डिस्कचं, दुसरं इमेज फाइलचं, तिसरं नकाशा फाइलचं. पहिली दोन नावं उलटी पडली तर काय होईल हे वेगळं सांगायला नको. एंटर दाबण्याआधी ओळ मोठ्याने वाचा.

पहिल्या फेरीत ‘नो स्क्रेप’चा पर्याय द्या. म्हणजे कार्यक्रम चांगला भाग भराभर उचलतो आणि अवघड जागी रेंगाळत नाही. डिस्क मध्येच दगावली तरी बराचसा ऐवज हाती असतो. मग नकाशा बघा. थोडेच तुकडे राहिले असतील तर दुसऱ्या फेरीत ते खरवडायला सांगा, दोन-तीन पुनर्प्रयत्नांसह. अडकलं तर उलट दिशेने वाचायचा पर्याय द्या. त्यातून कधी कधी आणखी काही सेक्टर निघतात. नकाशा फाइल सांभाळलीत तर काम कधीही थांबवून नंतर तिथूनच पुढे नेता येतं.

वेळेचा अंदाज: सेकंदाला २५ एमबी वेग मिळाला तर ४० जीबीची डिस्क अर्ध्या तासात उतरते. मात्र खराब जागा आली की वेग कोलमडतो आणि तोच काटा तासन्‌तास सरकत नाही. डिस्कला हात लावून बघत राहा. फार तापली तर छोटा पंखा लावा.

या टप्प्यावर चेकडिस्क, नॉर्टन किंवा कुठलंही ‘दुरुस्ती’ करणारं सॉफ्टवेअर मूळ डिस्कवर चालवू नका. ती दुरुस्त्या करतात म्हणजे लिहितात, आणि फाइल यंत्रणा सुसंगत दिसावी म्हणून डेटा खुशाल छाटतात. नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धातल्या डिस्कवर स्मार्टची, म्हणजे डिस्कने स्वतःच्या तब्येतीच्या ठेवलेल्या नोंदींची, माहिती मिळते. प्रत झाल्यावर ती एकदा वाचून वहीत नोंदवा, त्यातही बदललेले आणि प्रलंबित सेक्टर. त्याआधीच्या डिस्कना स्मार्ट नसतंच.

७. इमेज खरी आहे का?

फाइल तयार झाली म्हणजे डेटा मिळाला असं नाही. आधी आकार ताडा: सिलिंडर गुणिले हेड गुणिले सेक्टर गुणिले ५१२. एसटी-२२५ साठी ६१५ × ४ × १७ × ५१२, म्हणजे २,१४,११,८४० बाइट. आकडा मोठ्या फरकाने चुकत असेल तर अडॅप्टरने क्षमता चुकीची वाचली आहे.

मग हेक्स एडिटरमध्ये (फाइलमधले कच्चे बाइट दाखवणाऱ्या प्रोग्राममध्ये) पहिला सेक्टर उघडा. पीसीच्या डिस्कचा पहिला सेक्टर ५५ आणि एए या दोन बाइटनी संपतो. जुन्या मॅकच्या डिस्कची सुरुवात ‘ईआर’ या अक्षरांनी होते, अमिगाच्या डिस्कवर सुरुवातीच्या काही सेक्टरांत ‘आरडीएसके’ सापडतं. सगळीकडे शून्यच दिसत असतील तर जोडणीकडे परत जा.

इमेजचा एसएचए-२५६ हॅश (फाइलमधल्या डेटावरून निघणारा ठसा; डेटा बदलला की तोही बदलतो) काढून वहीत आणि एका मजकूर फाइलमध्ये लिहा. डिस्कची तब्येत चांगली असेल तर दुसऱ्यांदा इमेज काढून हॅश जुळतो का बघा. तब्येत नाजूक असेल तर हा हट्ट नको.

८. फाइली बाहेर काढा, पण प्रतीच्या प्रतीवरून

मूळ इमेज फक्त-वाचन करून बाजूला ठेवा आणि दुसऱ्या प्रतीवर काम करा. पहिलं विभाजन (पार्टिशन) बहुधा ६३ व्या सेक्टरपासून सुरू होतं, म्हणजे ३२,२५६ बाइटनंतर; लिनक्स हे हिशेब स्वतः करतं. विभाजनच सापडत नसेल तर त्या काळी ऑनट्रॅक डिस्क मॅनेजर किंवा ईझी-ड्राइव्ह हे सॉफ्टवेअर वापरलं होतं का बघा. बायोसची ५२८ एमबीची मर्यादा ओलांडायला लोक ते बसवायचे, आणि त्यामुळे विभाजन पुढे सरकलेलं असू शकतं. टेस्टडिस्क या प्रोग्रामला अशा जागा शोधता येतात.

विभाजनात एकच अवाढव्य फाइल दिसली आणि तिचं नाव ‘डीबीएलस्पेस.०००’ किंवा ‘स्टॅकव्हॉल.डीएसके’ असेल तर सगळा ऐवज त्या फाइलच्या आत दाबून भरलेला आहे. अशी इमेज ८६बॉक्स या जुन्या पीसीची नक्कल करणाऱ्या प्रोग्राममध्ये जोडून तिथल्या डॉसमधूनच वाचणं सोपं.

खराब सेक्टरांमुळे कोणत्या फाइली बिघडल्या हे कळायला डीडीरेस्क्यूची ‘फिल’ पद्धत कामाची आहे. प्रतीतल्या न वाचलेल्या जागांत ती एखादा खुणेचा शब्द भरून देते. मग सगळ्या फाइलींत तो शब्द शोधायचा. ज्यांत सापडला त्या फाइली अपुऱ्या.

देवनागरी मजकूर असेल तर फाइलींबरोबर फॉन्टचं फोल्डरही उचला. युनिकोडच्या आधीच्या कागदपत्रांत अक्षरं त्या-त्या फॉन्टच्या सांकेतिक क्रमाने साठवलेली असतात. फॉन्ट हरवला की पत्राच्या जागी चिन्हांची रास उरते, आणि मग कोणता कन्व्हर्टर लावायचा हेही कळत नाही.

९. काय जपून ठेवायचं

एका फोल्डरमध्ये इमेज, नकाशा फाइल, हॅश, डिस्कचे फोटो आणि जोडणीच्या नोंदी ठेवा. फोल्डरच्या नावात डिस्कचा मॉडेल आणि अनुक्रमांक घाला, ‘जुनी डिस्क २’ असं नको. तीन प्रती, निदान दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक दुसऱ्या जागी; आणि वर्षातून एकदा हॅश पुन्हा काढून बघा. डिस्क दुसऱ्या कुणाची असेल तर आतल्या पत्रांचं आणि हिशेबांचं काय करायचं हे त्यांना विचारल्याशिवाय काहीही पुढे पाठवू नका.

मूळ डिस्क स्थिर वीज रोखणाऱ्या पिशवीत, कोरड्या जागी ठेवा आणि पिशवीवर इमेज काढल्याची तारीख चिकटवा. जुना संगणक चालता ठेवायचा असेल तर हीच इमेज स्कझी यंत्रांसाठी ब्लूस्कझीच्या कार्डावर, आयडीई यंत्रांसाठी कॉम्पॅक्ट फ्लॅशवर उतरवा. कॉम्पॅक्ट फ्लॅशवर संगणक सुरू झाला नाही, तर आधी बायोसमधले सिलिंडर-हेड-सेक्टरचे आकडे मूळ डिस्कचेच आहेत का ते तपासा.